वेलबुट्टीचं वायसर

तिसऱ्यांदा पाना सटकला तेव्हा मिस्त्रीचं मनगट लोखंडावर आपटलं आणि सालपट निघालं. ते त्याला रक्त दिसल्यावर कळलं.

गोणपाट टाकून तो टेम्पोखाली उताणा पडला होता. नाकापासून वीतभर वर इंजिनाचा चेंबर, म्हणजे ज्यात सगळं ऑइल साठतं ते काळं पोट, आणि त्या पोटाच्या बुडाला ऑइल सोडायचं बूच. एकोणीस नंबरचं, सहा कोनांचं. सकाळी सहाच्या सहा कोन नसले तरी चार तरी धड होते. आता दोन उरले होते. बाकीची माणसं उताणी पडली की त्यांना आभाळ दिसतं आणि देव आठवतो. मिस्त्रीला चाळीस वर्षं उताणं पडून चेंबरच दिसत आला होता, आणि देवही त्याला तिथेच आठवायचा.

"देवा," तो म्हणाला, "एवढं एक सुटू दे रे बाबा."

"सुटलं का?" बाहेरून सून म्हणाली. तिच्या चपला तेवढ्या दिसत होत्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या.

"सुटलं असतं तर मी बाहेर नसतो का आलो?"

टेम्पो सुनेचा होता. म्हणजे कागदावर मुलाचा, पण मुलगा दूर पुलाच्या कामावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. वस्त्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करून डेअरीत पोचवायचं काम ती एकटी करायची, सकाळी एक खेप, दुपारी एक. उन्हाळा असा होता की अर्धा तास उशीर झाला तरी दूध फाटायचं. आणि गेले चार दिवस ऑइलचा लाल दिवा मधूनमधून डोळा मारत होता. ऑइल डांबरासारखं झालं होतं. ते तातडीने बदललं नाही तर इंजिन बसणार, आणि इंजिन बसलं की घर बसणार, हे मिस्त्री, त्याची बायको आणि सून या तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. अंगणाच्या कुंपणापाशी दोघंतिघं उभे होते. गाडी ठोकळ्यांवर चढली की बघे जमतातच, फुकटचा खेळ. त्यात डेअरीचा सेक्रेटरीही होता, खिशाला दोन पेनं, टेम्पो दुपारच्या खेपेला येतोय की नाही ते विचारायला आलेला.

"काय मिस्त्री? तुमच्या हाताला दाद देत नाही असं बूच निघालं म्हणायचं!"

लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो उगाचच मोठ्या आवाजात सुनेकडे वळला.

"गेल्या वेळी ऑइल कुणी बदललं होतं गं?"

त्याला माहीत होतं. तरी त्याने विचारलं.

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना बाबा तेव्हा. बारा-तेराकडे नेली होती."

बारा-तेरा हा मिस्त्रीचाच चेला. दहा वर्षं त्याच्या हाताखाली होता, आणि त्या दहा वर्षांत बारा-तेराचा रिंग पाना त्याच्या मागच्या खिशातून कधी हलला नाही, म्हणून ते नाव पडलं. आता चौफुलीवर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं.

"बघा!" मिस्त्री म्हणाला. "पान्याच्या दांड्याला पाइप लावून आवळलंय लेकाने. बूच आवळायचं असतं, त्याचा जीव घ्यायचा नसतो. दहा वर्षं घसा फोडून सांगितलं, हाताला कळतं तिथे थांबायचं. पण हाताला कळायला हात लागतो!"

सेक्रेटरीने भुवया वर केल्या. "असं म्हणता? आम्ही तर डेअरीच्या पाचही गाड्यांचं काम त्याला द्यायचं ठरवत होतो. एक तारखेपासून. परवा मीटिंग आहे. म्हटलं तुमचाच माणूस, तुमच्या हाताखालून गेलेला."

इथे थांबता आलं असतं. मिस्त्रीला पुढे कितीदा तरी वाटलं, की त्या क्षणी ठसका लागला असता, शिंक आली असती, तरी बरं झालं असतं. पण लोक ऐकत होते.

"ज्याला एक बूच नीट आवळता येत नाही," तो म्हणाला, "त्याच्या हातात पाच गाड्या? तुमची मर्जी."

दुपारच्या खेपेला सून तो डोळे मारणारा लाल दिवा तसाच घेऊन गेली.

*

रात्रीच्या जेवणाला नेहमीप्रमाणे झाकणाचा विषय निघाला.

पाण्याच्या तांब्याच्या कळशीवर स्टीलची ताटली उपडी घातलेली असे. ती जरा तिरकी बसायची आणि हात लागला की खणकन पडायची. पडली की मिस्त्रीच्या बायकोला कळशीचं मूळचं झाकण आठवायचं. तिच्या आईने दिलेलं, कडेपासून मध्यापर्यंत वेलबुट्टी कोरलेलं. आठ महिन्यांपूर्वी ते हरवलं होतं.

"पडली ताटली," ती म्हणाली. "पडणारच. चाळीस वर्षं मी ते झाकण सांभाळलं. एका दिवसात घासायला नेलं आणि गेलं. पाय फुटले त्याला."

"आई, मी घासून आणून ठेवलं होतं," सून म्हणाली. आवाज न चढवता, कारण हे वाक्य तिने आठ महिन्यांत इतक्यांदा म्हटलं होतं की त्यातला राग झिजून गेला होता.

"ठेवलं होतंस तर असतं की. मी काही खाल्लं नाही."

मिस्त्री अशा वेळी नेहमीच जेवणात फार लक्ष घालायचा. त्याने ताटातल्या भाजीतल्या बिया वेचून बाजूला काढायला घेतल्या. बोटांच्या चिमटीत बी येत होतं की निसटत होतं, ते त्याला डोळ्यांनी पाहावं लागत होतं.

हे एक त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभरापूर्वी एकदा तापलेल्या सायलेन्सरवर बोट टेकलं होतं. आधी वास आला, मग त्याला कळलं की आपलंच बोट. तेव्हापासून उजव्या हाताची तीन बोटं आणि त्यांच्यामागून तळवाही हळूहळू परका होत गेला. लोक ज्याच्या हाताची गोष्ट सांगायचे, हात लावला की इंजिन बोलतं म्हणायचे, त्याने ही गोष्ट कुणाला सांगायची? डॉक्टरला डोळा दाखवला. हात नाही दाखवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळची खेप करून सून आली तशी गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढली. दोन-तीन दिवस बुचाभोवती डिझेलची चिंधी गुंडाळून ठेवली असती, पण गाडीला थांबायला फुरसत कुठली. मिस्त्रीने तासभर डिझेल पाजलं. मग पाइप पाना लावला. पान्याच्या दातांनी उरलेले दोन कोनही खाल्ले. बूच आता बोराच्या बीसारखं गोल झालं. शेवटी त्याने छिन्नी लावली, तर घाव घसरून चेंबरवर बसला, आणि त्या ठण्ण आवाजाने तो स्वतःच दचकला. चेंबर फुटला असता तर?

तो खाली पडून राहिला. घाम कानात उतरत होता.

"बाबा," सून म्हणाली, "बारा-तेराला बोलावू का?"

"त्याने करून ठेवलंय, त्यालाच निस्तरू दे," मिस्त्री म्हणाला. या बोलण्याने त्याची सोय झाली. मदत मागायची नव्हती, जाब विचारायचा होता.

बारा-तेरा अर्ध्या तासात आला. पस्तिशीचा, पोट सुटायला लागलेला, खिशात तोच पाना. त्याच्या मागोमाग सेक्रेटरीची मोटारसायकलही आली. गावात बातमीला पेट्रोल लागत नाही, सेक्रेटरीला लागत होतं एवढंच.

"नमस्कार उस्ताद."

"नमस्कार राहू दे. हे बघ तुझं काम. दहा वर्षं काय भुसा भरला मी तुझ्या डोक्यात? पाइप लावून आवळलंस की नाही? बोल की! सेक्रेटरींसमोर बोल."

बारा-तेराने वाकून बुचाकडे पाहिलं. मग उठून उस्तादांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, मनगटावरच्या सालपटाकडे आणि त्याखालच्या बोटांवर पडलेल्या जुन्या, पांढऱ्या डागांकडे. त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं.

"असेल उस्ताद," तो म्हणाला. "झालं असेल माझ्याकडून."

"असेल नाही, आहे!"

"आहे."

सेक्रेटरीने जीभ टाळूला लावून आवाज काढला आणि मोटारसायकलच्या सीटवर आडवा बसला.

बारा-तेराने शर्ट काढून कुंपणावर टाकला. "वहिनी, गाडी दहा मिनिटं चालू ठेवा. चेंबर गरम होऊ दे." इंजिन तापल्यावर त्याने ते बंद करायला लावलं आणि गोणपाटावर पडला. मिस्त्री त्याच्या शेजारी पडला. दोघे पूर्वी असेच पडायचे, एकाच गोणपाटावर, खांद्याला खांदा लावून. पलीकडून सून गुडघ्यांवर बसली आणि बॅटरीचा उजेड धरला.

बारा-तेराने आधी बुचाच्या डोक्यावर हातोडीने सरळ चार टोले दिले, वरच्या दिशेला. "आटे जरा जागे होतात," तो सुनेला म्हणाला. हे मिस्त्रीनेच त्याला शिकवलं होतं, आणि दोन दिवसांत मिस्त्रीला स्वतःला आठवलं नव्हतं. मग त्याने एकोणीसच्या जागी अठराचा बॉक्स पाना घेतला, गोल झालेल्या डोक्यावर टेकवला आणि ठोकून ठोकून बसवला, इतका की तो बुचाचाच भाग झाला. लांब दांडा लावला. पाय पुढच्या चाकाला टेकवले.

"उस्ताद, तुम्ही पण धरा."

चार हातांनी दांडा ओढला. काही झालं नाही. परत. मिस्त्रीच्या मानेच्या शिरा ताठल्या. मग सुकलेल्या लाकडाला तडा जावा तसा कडक्‌ आवाज झाला, आणि दांडा विटेएवढा सरकला.

"सुटलं!" सून ओरडली.

पुढे बोटांनी फिरवून बारा-तेराने बूच काढलं आणि हात चपळाईने मागे घेतला. काळं ऑइल घमेल्यात धो धो पडू लागलं, बुडाला तर गाळाचे गोळेच आले. त्याने बूच उजेडात धरलं. वायसर, म्हणजे बुचाखाली बसते ती भोकाची चकती, बुचालाच चिकटून आलं होतं. त्याच्यावर ऑइल आणि मातीचा थर होता, वर्षभराचा वाटावा असा. त्याने सहज अंगठा फिरवला.

वायसर दुकानातलं नव्हतं. हाताने कापलेलं होतं, एका अंगाला जरा जास्तच रुंद. जिथे ते दाबलं गेलं होतं तिथे चपटं होऊन गेलं होतं, पण ती जी बाहेर राहिलेली कड होती, तिच्यावर तांबं लखलखलं. आणि त्या तांब्यावर एक अर्धं पान होतं. पानाला देठ, देठाला पुढे वळण घेऊ पाहणारी वेल, आणि तिथेच ती छिन्नीने तुटलेली.

बॅटरीचा उजेड हलला.

मिस्त्री ते पाहत राहिला. आठ महिन्यांपूर्वीची दुपार त्याच्यासमोर उभी राहिली. ऑइल बदलायला बूच काढलं तर जुनं वायसर चिरलेलं. दुसरं घरात नाही, दुकान बंद. सुनेची दुपारची खेप निघायची होती. कळशीवरचं झाकण तांब्याचं, जाडीला बरोबर. उद्या बाजारातून दुसरं आणू, म्हणून त्याने ते छिन्नीने कापलं होतं. संध्याकाळी बायकोने झाकण शोधलं, सुनेला विचारलं, सुनेला बोलली. तो म्हणाला, उद्या सांगू. उद्या सांगायचं म्हणजे आज का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. असे आठ महिने. पण बारा-तेराने ऑइल बदललं तेव्हा ते वायसर गेलं असेल, कचऱ्यात पडलं असेल, असं तो स्वतःला सांगत आला होता. ते गेलं नव्हतं. म्हणजे मधल्या काळात या बुचाला कुणी हातच लावला नव्हता. हे बूच शेवटचं आवळणारा हात त्याचाच होता. ज्याला कळत नव्हतं तो हात. कळत नाही, म्हणून आणखी एक हिसका. अजून एक. ऑइल गळू नये म्हणून पाइप लावून आणखी एक.

घमेल्यात ऑइलची धार बारीक झाली होती.

"काय झालं रे खाली?" वरून सेक्रेटरीचा आवाज आला. "कुणाचं पाप निघालं?"

बारा-तेराने वायसर बुचावरून सोडवलं, आणि एकदाही मिस्त्रीकडे न पाहता मागच्या खिशात टाकलं, पान्याशेजारी.

"निघालं साहेब," तो म्हणाला. "माझ्याकडून जास्त आवळलं गेलं होतं."

आता बोलायचं. मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर चेंबर होता, आणि चेंबरच्या उघड्या भोकातून शेवटचे थेंब पडत होते, टप, टप. त्याने ते मोजले. तोंड मिटलं.

नवं बूच, नवं वायसर बारा-तेरा घेऊनच आला होता. त्याने हातानेच ते पुरतं बसवलं आणि पाना मिस्त्रीपुढे धरला. "शेवटचा हात उस्ताद, तुमचा." हे तो सवयीने म्हणाला. दहा वर्षं तो शेवटचा हात उस्तादांनाच ठेवायचा.

मिस्त्रीने पाना घेतला. ओढला. किती झालं? त्याला कळेना. अजून ओढला. लोखंड काही सांगत नव्हतं. बोटांपाशी येऊन ते मुकं होत होतं. तो अजून ओढणार तेवढ्यात बारा-तेराचा तळवा त्याच्या मुठीवर येऊन बसला, गरम, जड.

"बस, उस्ताद," तो हळूच म्हणाला. "बस झालं."

वर सेक्रेटरी किक मारत होता. "चला, मीटिंगमध्ये सांगतो मी. शहरातल्या गॅरेजवाल्यांचा अर्ज आलेलाच आहे. वाईट वाटून घेऊ नको रे, पण पाच गाड्या म्हणजे पाच गाड्या."

"नाही साहेब, वाईट कसलं," बारा-तेरा म्हणाला आणि गाडीखालून बाहेर आला. त्याच्या उघड्या पाठीवर गोणपाटाची जाळी उमटली होती.

*

त्या संध्याकाळी मिस्त्री ताटावर बसला. सून वाढत होती. वाढताना जितकं बोलायची तितकंच बोलली. ताटली पडली. बायकोने तोंड उघडलं.

"पडली बघ. असतं ते झाकण तर..."

सून काही म्हणाली नाही. 'आई, मी घासून आणून ठेवलं होतं' हेही नाही. आज तिच्याकडे उत्तर होतं आणि आजच ती गप्प बसली होती. मिस्त्रीला आपल्या ताटातून कुणीतरी घास काढून घेतल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या झेलल्या असत्या. हे कसं झेलायचं?

अंगणात ती गाडीतले कॅन धुवायला गेली तेव्हा तो मागे गेला. तिन्हीसांजेचा उजेड होता. कॅनमध्ये पाणी घुमवल्याचा आवाज येत होता.

"तू पाहिलंस ना गं?"

ती घुमवायची थांबली नाही. "आठ महिने ते झाकण शोधलं बाबा. विहिरीच्या कठड्यापासून शेजारणीच्या मांडणीपर्यंत. दोनदा तर तिच्याकडे पाणी प्यायला म्हणून गेले, डोळे मांडणीवर." तिने कॅन उपडा घातला. "रोज त्या गाडीत बसत होते. गाडीखाली तेवढं नाही शोधलं."

"मी सांगणार होतो."

"हो."

एवढंच. त्या 'हो'त टोमणाही नव्हता. तो तिथे उभा राहिला, हातात काहीतरी धरावं म्हणून कॅनचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "डेअरीत."

*

सकाळी डेअरीच्या ओट्यावर माणसं दाटलेली. किटल्या, कॅन, सायकली. सेक्रेटरी वजनापाशी बसला होता. मीटिंग अकराला होती. बारा-तेराही आला होता, घरच्या दोन म्हशींचं दूध घालायला, रांगेत.

मिस्त्री टेम्पोतून उतरला. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वाटभर त्याने बोलायचं मनाशी घोळवलं होतं, सगळं उतरता क्षणी सांडलं.

"या मिस्त्री, या!" सेक्रेटरीने हाक दिली. "चहा घ्या."

चहा नुकताच उकळून आला होता, स्टीलच्या पेल्यांत. पेले तापून निघाले होते. माणसं फुंकर मारत, उपरण्यात, रुमालात, या हातातून त्या हातात पेला खेळवत होती. मिस्त्रीने पेला उजव्या मुठीत घेतला आणि धरून ठेवला. बोलायला शब्द शोधत होता, म्हणून धरूनच राहिला.

"मिस्त्री, अहो भाजेल!" शेजारचा म्हातारा म्हणाला.

मिस्त्रीने पेल्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. तळवा लाल झाला होता. सुनेने पुढे होऊन तो पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि भाजला म्हणून पटकन जमिनीवर ठेवला.

"भाजत नाही," मिस्त्री म्हणाला. "वर्ष झालं. या तीन बोटांना, या तळव्याला काही कळत नाही." एकदा तोंड फुटल्यावर पुढचं आपोआप आलं, अडखळत का होईना. "सेक्रेटरी, ते बूच मी आवळलेलं. याने नाही. याने हातसुद्धा लावलेला नव्हता. कळत नव्हतं म्हणून मी पाइप लावून आवळलं, आणि नाव याचं घेतलं. तुमच्यासमोर, लोकांसमोर, दोनदा. काल खरं काय ते डोळ्यांनी पाहिलं आणि गाडीखाली मुकाट पडून राहिलो."

वजनावर कुणाची तरी किटली होती, काटा हलत राहिला.

"पण हा तर स्वतः म्हणाला!" सेक्रेटरी बारा-तेराकडे वळला. "मग तू ऑइल काढलंस कुठून रे?"

बारा-तेराने कान खाजवला. "वरून. मापाच्या काडीच्या नळीतून, पंपाने ओढलं. बूच बघितलं होतं तेव्हा. आवळलेलं दिसलं. म्हटलं उस्तादांचं डोळ्याचं आधी होऊ दे, मग सांगू. मग राहूनच गेलं." त्याने हातातली किटली खाली ठेवली. "बुडाचा गाळ तसाच राहिला त्यामुळे. ऑइल लवकर खराब झालं ते त्यानेच. म्हणजे चूक माझीही आहेच."

"गप रे तू!" मिस्त्री ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. "दर वेळी काय मध्ये येतोस? एकदा तरी माझं मला उचलू दे!"

मागे कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मिस्त्रीची मान खाली गेली. चाळीस वर्षांचं नाव तिथे सांडलेल्या दुधाच्या डागांत पडलेलं होतं, आणि ते उचलायला कुणी वाकणार नव्हतं. वाकू नये असंच त्याला वाटलं. सेक्रेटरीने पेन उघडलं, मिटलं, काट्याकडे पाहिलं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "मीटिंगला तू ये रे अकराला. शर्ट धुतलेला घालून ये." आणि मग, मिस्त्रीकडे न बघता, "मिस्त्री, चहा निवतोय."

परत निघताना बारा-तेरा टेम्पोपाशी आला. खिशातून वायसर काढून त्याने मिस्त्रीच्या डाव्या तळहातावर ठेवलं. डाव्या.

*

घरी आल्यावर मिस्त्रीने कापड सोडलं. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी आठ महिने लपवलेलं झाकण, मध्ये रुपयाएवढं भोक पडलेलं. त्याने ते बायकोसमोर ठेवलं, वायसर त्याच्या शेजारी, आणि सांगितलं. या सांगण्याला डेअरीपेक्षा जास्त वेळ लागला.

बायकोने झाकण उचललं. पदराने पुसलं. वेलीवरून बोट फिरवत ती भोकापर्यंत आली आणि थांबली. मग ती सुनेकडे पाहू लागली. तिच्या ओठांना शब्द सापडेना, कारण हे शब्द त्या घरात सासूने सुनेला कधी म्हटले नव्हते.

"आठ महिने बोलले गं तुला," ती म्हणाली. "आणि तू ऐकलंस."

"राहू द्या आई."

"राहू कसं देऊ?" ती उठली, स्टीलची ताटली मांडणीत नेऊन ठेवली आणि भोकासकट ते झाकण कळशीवर बसवलं. अगदी घट्ट, नीट, जागच्या जागी बसलं. "आता इथेच राहील. पाणी पिताना दिसेल यांना."

"माशी जाईल भोकातून," सून म्हणाली.

"वर फडकं टाकू. पण राहील."

मिस्त्रीने मान हलवली. तो पाणी घ्यायला पुढे झाला, झाकण उचलायला बोट भोकात घातलं, आणि सून ओरडली, "बाबा! धार आहे कडेला!"

बोटातून रक्त आलं होतं. पुन्हा त्याला ते डोळ्यांनीच कळलं.

सुनेने चिंधी बांधली. मग ती बाहेर जाऊन त्याची हत्यारांची पेटी घेऊन आली, बारीक कानस काढली, झाकण मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली.

"धार कशी मोडायची ते सांगा. मला येत नाही."

"दे, मी..." त्याने हात पुढे केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. मग तो तिच्याजवळ उंबऱ्यापाशी टेकला. "तिरकी धर. एकाच दिशेला. ओढ, आणि उचलून परत आण. दाबू नको, दाबू नको."

ती कानस ओढू लागली. खर्र. खर्र. मिस्त्रीने डोळे मिटले. बोटं गेली होती, पण कान अजून त्याचेच होते. लोखंड तांब्यावर आधी दात खात बोलतं, मग जरा मऊ पडतं, मग नुसतं सरकतं. तो जीव कानात आणून ऐकत राहिला. अजून एक ओढ. अजून एक.

"बस," तो हळूच म्हणाला. "बस झालं."

सुनेने कडेवरून बोट फिरवलं. मग सासूने फिरवलं. मग दोघींनी झाकण त्याच्यापुढे धरलं, आणि त्याने डाव्या हाताचं बोट त्या भोकाच्या कडेवरून सावकाश, पुरतं गोल फिरवलं.